ठोकळे सैल होते की बोटं?

सर्व संबंधितांना जड अंतःकरणाने कळवण्यात येत आहे, की देवनहळ्ळीचा किल्ला पडला.

विमानतळाच्या वाटेवरचा खरा किल्ला शाबूत आहे. टॅक्सीतून जाणाऱ्यांनी घाबरू नये. पडला तो जयनगरातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर उभा असलेला. सकाळी चहाच्या वेळी पूर्वेचा बुरूज आधी कलला आणि मग, कुणीही हात लावलेला नसताना, पोह्यांच्या बशीत कोसळला. जीवितहानी नाही. एक पहारेकरी सोफ्याखाली बेपत्ता आहे.

“फितुरी,” मी म्हणालो.

“पोहे खा,” उज्ज्वला म्हणाली. ही माझी बायको.

मी मूळचा निपाणीचा, वय पन्नाशीच्या पुढे, पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात तपासणी विभाग सांभाळतो. बाकीचे लोक यंत्राचे भाग बनवतात आणि मी त्यांच्यावर संशय घेतो. त्याचाच मला पगार मिळतो. उरलेल्या वेळात मी एकमेकांत बसणारे खेळण्यातले ठोकळे जमवतो आणि इमारती बांधतो. पहिला डबा मुलीसाठी, सईसाठी आणला होता. ती मोठी झाली, नोकरीला लागली. मी त्या डब्यापाशीच राहिलो.

ठोकळ्याचा जीव त्याच्या पकडीत असतो. वर गोल बोंडं, खाली पोकळी. एकावर एक दाबले की ‘टक’ असा आवाज येतो आणि मग उलटं करून हलवलं तरी सुटत नाहीत. आम्ही हौशी मंडळी या पकडीला क्लच म्हणतो. वर्षानुवर्षं वापरून ठोकळा झिजला की क्लच जातो, आणि नकली मालात तो मुळातच नसतो. माझे बुरूज कोसळत होते, म्हणजे क्लच नव्हता, म्हणजे माल नकली होता. आणि किल्ल्याचे करडे ठोकळे मला नुकतेच दिले होते मंजण्णाने. निकाल स्पष्ट होता.

मंजण्णा म्हणजे मंजुनाथ, बेळगावचा, बँकेत अधिकारी आणि माझ्याइतकाच ठोकळेवेडा. मी फोन लावला.

“मंजण्णा, हे करडे कुठून उचललेस?”

“का वो? काय झालं?”

“बसत नाहीत.”

“बसत नाहीत म्हंजे? माझ्या कपाटातले हाईत ते. स्वतः धुऊन, वाळवून दिलोय तुमास्नी.”

“मग पाण्याने फुगले असतील.”

“प्लास्टिक फुगतंय काय वो कुठं? जोर लावून दाबा की!”

माझ्या बोटांवर संशय! लोखंडाच्या कडेवरून नुसतं बोट फिरवून जो ती कुठे खरखरते ते सांगतो, त्याच्या बोटांवर! मी फोन ठेवला आणि मंजण्णाला मनातल्या मनात जन्मठेप दिली.

त्याच आठवड्यात चप्पल पायातून निसटू लागली. मी चप्पलवाल्याला दोष दिला. कारखान्याचा जिना उंच वाटू लागला. कुणीतरी पायऱ्यांची उंची वाढवली होती. शर्टाचं बटण काजातून जाईना. इस्त्रीवाल्याने खळ जास्त घातली होती. तळपायांना मुंग्या येत होत्या; मोजे नवीन होते. अख्ख्या जयनगरात आणि पीण्यात मी एवढे गुन्हेगार पकडले, पण एका संशयिताला साधी विचारपूसही केली नाही. तो संशयित माझ्याच कातडीत बसला होता.

हे वाचणाऱ्यांना माझी एकच गंभीर विनंती आहे. घरातल्या सगळ्या वस्तू एकाच वेळी बिघडू लागल्या, तर वस्तूंना सोडा आणि डॉक्टरकडे जा.

हातोडी

शेवटी एका संध्याकाळी मी खुर्चीतून उठलोच नाही. खुर्ची खोल आहे, असं मी सांगून पाहिलं. सईने ऐकून घेतलं आणि मला सरळ इस्पितळात नेलं.

मेंदू आणि नसांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी रबरी हातोडीने माझ्या गुडघ्याखाली ठोकलं. पाय उडायला हवा होता. उडाला नाही. दुसऱ्या पायाची तीच कथा.

आता, पीण्यात आमचा एक नियम आहे. यंत्राने विचित्र आकडा दाखवला की आधी भागाला नावं ठेवायची नाहीत, यंत्र तपासायचं. त्यासाठी कपाटात एक भाग वेगळा ठेवलेला असतो, शंभर टक्के बरोबर म्हणून माहीत असलेला. त्याला मास्टर पीस म्हणतात. त्यावर यंत्र लावायचं. बरोबर आकडा आला, तर यंत्र निर्दोष आणि भाग गुन्हेगार.

“डॉक्टर,” मी म्हणालो, “ही हातोडी कधी तपासली होती?”

“अहो!” उज्ज्वला म्हणाली.

“सई, तू बस इथे. डॉक्टर, हिच्या गुडघ्यावर मारून दाखवा.”

डॉक्टर हसले आणि त्यांनी सईच्या गुडघ्याखाली हलकेच टक केलं. सईचा पाय असा काही उडाला, की टेबलाखालची कचऱ्याची टोपली भिंतीपर्यंत गेली. “सॉरी सॉरी सॉरी,” म्हणत ती कागद गोळा करू लागली. मी मोठ्याने हसलो. मग माझ्या लक्षात आलं, की खोलीत मी एकटाच हसतोय. हातोडी निर्दोष होती.

नसांची तपासणी झाली, बारीक विजेचे झटके देऊन. मग डॉक्टरांनी नाव सांगितलं: जीबीएस. शरीराचं रक्षण करणारी व्यवस्था चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते.

“म्हणजे फितुरी,” मी म्हणालो.

या वेळी उज्ज्वला ‘पोहे खा’ म्हणाली नाही. तिने माझा हात धरला आणि मला तिचा हात नीट जाणवला नाही. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो.

“बोटं परत येतील?” मी विचारलं.

“बहुतेकांची येतात. वेळ लागतो.”

बहुतेक! माझ्या धंद्यात हा शब्द कुणी तोंडातून काढला, तर मी अख्खी खेप परत पाठवतो. माझी नोकरी बोटांवर, माझी हौस बोटांवर, आणि या माणसाने त्यांच्यापुढे ‘बहुतेक’ ठेवलं होतं. पुढचे कित्येक महिने मी त्या एका शब्दाच्या मागावर होतो.

एका श्वासात

औषध शिरेतून सुरू झालं. या आजारात कमजोरी पायांकडून वर चढते आणि कधीकधी श्वासापर्यंत पोहोचते. ते तपासायची इस्पितळाची रीत फार साधी आहे: खोल श्वास घ्यायचा आणि त्या एकाच श्वासात मोठ्याने आकडे म्हणत जायचं. आकडे कमी पडू लागले की अतिदक्षता विभाग. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दाराबाहेरचं बोलणं ऐकलं होतं. आजारी माणसाचं सगळं लुळं पडतं, कान तेवढे धारदार होतात.

मला त्या विभागात जायचं नव्हतं. केरळची सिस्टर आकडे ऐकायला आली, तेव्हा मी पेच टाकला. मराठीत मोजायला लागलो. एक, दोन, तीन करत दहापर्यंत शिस्तीत, मग एक छोटी उडी, “एकोणीस, वीस, एकवीस”, आणखी एक उडी, आणि थाटात “तीस!” सिस्टरला आकडे कळत नव्हते, सूर कळत होता. ती खूश झाली. “गुड, अंकल!”

“अहो, मधले कुठे गेले?” कोपऱ्यातून आवाज आला.

मी डोळ्यांनी दटावलं. उज्ज्वला उठली, आणि निपाणी सोडून इतकी वर्षं झाली तरी जे सुधारलेलं नाही त्या हिंदीत तिने माझ्यावर आरोपपत्र दाखल केलं: “सिस्टर, ये चोरी किया. बीच का सब खा गया.”

मला हलवलं गेलं. जाताना मी तिच्याकडे असा बघत होतो, जणू तिने किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून दिलाय. त्याच संध्याकाळी श्वास खरोखर अपुरा पडू लागला. तोंडावर मुखवटा चढला, पण नळी घालायची वेळ आली नाही, कारण मी असायला हवा होतो तिथेच होतो. ही बाई मला एक आकडासुद्धा गाळू देत नाही, याची मी मनात नोंद केली. पुढे ती नोंद मला फार छळणार होती.

सगळे गोड का बोलतात?

इस्पितळात मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल, तर चांगल्या वागणुकीची. सई मला ‘बाबा’ म्हणू लागली, तेही हळू आवाजात. एरवी ती मला ‘अहो तपासणीसाहेब’ म्हणते. निपाणीहून दादा आला. दादा बहिणीच्या लग्नालाही उशिरा पोहोचला होता. तो वेळेवर येतो म्हणजे काय समजायचं? मंजण्णा आला, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, “ते करडे नकलीच असतील वो. माझीच चूक.” मी त्या रात्री मृत्युपत्राचा विचार केला.

चमच्याने भरवलेल्या प्रत्येक घासाला मी विचारत असे, “डॉक्टर काय म्हणाले? खरं सांग.”

“सुधारणा आहे म्हणाले.”

“कशावरून?”

एक दिवस उज्ज्वलाने चमचा वाटीत आपटला. “माझ्याकडे असं बघू नका, जसं काही मी खिचडीत काही कालवलंय! मलाही पाठ आहे, मलाही झोप आहे, मलाही भीती वाटते. पण मी कुणावर संशय घेऊ? सांगा ना, कुणावर घेऊ?”

मी तोंडातला घास गिळला. मग म्हणालो, “खिचडीत मीठ कमी आहे.” ती रडता रडता हसली. सांभाळणाऱ्यांना सांगावंसं वाटतं: आजारी माणसाशी अधूनमधून जरा भांडत जा. त्या एका चमच्याच्या आवाजाने मला जेवढा धीर आला, तेवढा सगळ्यांच्या ‘छान, छान’ने आला नाही.

आणि काही माणसं उगाच चांगली वागतात, हेही मान्य करायला हवं. त्या सिस्टरला न सांगता कळायचं, की माझं नाक खाजतंय. ती जाता जाता खाजवून द्यायची आणि एक शब्द न बोलता पुढच्या पलंगाकडे जायची. यात तिचा काय डाव होता, ते मी खूप शोधलं. सापडला नाही.

घरी

पाय आधी आले. वॉकर धरून, मग भिंत धरून, मग उज्ज्वलाचा पदर धरून. बोटं मात्र मागे राहिली. डॉक्टर म्हणाले होते तसंच होतं, पण मला ते ‘बहुतेक’मधून वगळलेल्यांसारखं वाटत होतं.

व्यायाम करून घ्यायला शिल्पा नावाची मुलगी घरी येत असे. स्पंजचा चेंडू हातात ठेवून म्हणायची, “सार, स्वल्प जोरागी प्रेस माडी.” म्हणजे जरा जोराने दाबा. मी जोर लावायचो. चेंडू आपल्या जागी निवांत असायचा.

“सार, कालच्यापेक्षा चांगलं आहे,” ती कन्नडमध्ये सांगायची.

“चेंडू मऊ झाला असेल.”

“चेंडू तोच आहे, सार.”

“म्हणूनच मऊ झाला असेल.”

व्यायामानंतर मी किल्ल्याचा डबा पुढ्यात घ्यायचो. दोन करडे ठोकळे, एकावर एक, दाब. काही नाही. ठोकळा नुसता टेकायचा आणि हात उचलला की घसरायचा. अंगठा थरथरायचा. मी डबा सरकवून देत असे आणि त्या दिवशी पुन्हा कुणाशी बोलत नसे. घरातले सगळे हे बघत असत, आणि बघत नाही असं दाखवत असत.

मग एका सकाळी ठोकळा बसला.

‘टक’ असा नाही. जरा मऊ, ‘टप’ असा. पण बसला. दुसरा बसला. तिसरा बसला. “उज्ज्वला!” मी ओरडलो. ती स्वयंपाकघरातून आली, पदराला हात पुसत, आणि माझ्याकडे न बघता किल्ल्याकडे बघत म्हणाली, “बघा! म्हणत नव्हते मी?” सईने टाळ्या वाजवल्या. त्या आठवड्यात पूर्वेचा बुरूज पुन्हा उभा राहिला. सोफ्याखालून पहारेकरीही सापडला.

मी आनंदात होतो. आणि आनंदात असलो की मला करमत नाही.

दाताची खूण

बुरुजाच्या वरच्या थरात एका ठोकळ्याच्या कोपऱ्यावर मला दोन बारीक खळगे दिसले. मी चष्मा पुसला, भिंग आणवलं. दातांच्या खुणा होत्या. लहान मुलाच्या.

माझ्या घरात आलेला प्रत्येक ठोकळा मी कोमट पाण्यात धुतो, उन्हात धरतो, कोपरा न् कोपरा बघतो. चावलेला ठोकळा माझ्या डब्यात असणं म्हणजे बँकेच्या तिजोरीत पेरू सापडणं. मी आणखी ठोकळे काढले. एकाचा रंग किंचित पिवळट. एकावर खडूची रेघ. आणि सगळे सैल. दोन जोडून उलटे धरले, हलवले. खालचा टपकन पडला.

लहानपणी हाताला लागेल ते चावत सुटणारं एकच मूल मला माहीत होतं. मंजण्णाचा मुलगा. आता तो पुण्यात इंजिनिअर आहे. त्याचे बालपणीचे झिजलेले ठोकळे मंजण्णाने आठवण म्हणून पोत्यात भरून ठेवले होते.

म्हणजे कुणीतरी माझे चांगले ठोकळे काढून घेतले होते आणि जागी हे पोत्यातले भरले होते. झिजलेला ठोकळा बसवायला जोर लागत नाही. बोटं सुधारली नव्हती. ठोकळे सोपे केले होते.

मला सरळ उज्ज्वलाला विचारता आलं असतं. पण तिथेच तर अडलं. जी बाई श्वासाचा एक आकडा गाळू देत नाही, ती असं करेल? आणि तिने केलं असेल आणि ‘हो’ म्हणाली, तर माझी बोटं गेलीच म्हणायची. ‘नाही’ म्हणाली, तर ती खोटं बोलतेय की खरं, हे मी कशाने मोजू? दोन्ही उत्तरांची मला भीती वाटत होती. मी गप्प राहिलो, बुरूज बांधत राहिलो आणि प्रत्येक ‘टप’ला आत काहीतरी खचत राहिलं. घरात सगळे म्हणत होते, आता किती छान हसतात. मीही हसत होतो. नाटक माझ्याही रक्तात आहे.

शेवटी पीण्याचाच नियम आठवला. माणसांना विचारायचं नाही. मास्टर पीस आणायचा.

दीपगृह

आमच्या कपाटावर एक खोका आहे. होता, म्हणायला हवं. दीपगृहाचा संच, वरचा दिवा खरोखर लागणारा. मेव्हण्याने परदेशातून आणला आणि पुढे तो बनायचाच बंद झाला. न उघडलेला, सील शाबूत. मी तो पुसत असे, फिरवून बघत असे, पाहुण्यांना लांबून दाखवत असे. “उघडायचा नाही तर आणलात कशाला?” हे उज्ज्वलाचं त्यावरचं ठरलेलं भाष्य. त्यातल्या ठोकळ्यांना कुणाचा हात लागला नव्हता, कुणाचे दात लागले नव्हते. घरात खरं बोलणारी तेवढीच एक वस्तू उरली होती.

रविवारी सकाळी मंजण्णा इडली घेऊन आला. सगळे टेबलाशी होते. मी म्हणालो, “सई, दीपगृह काढ खाली.”

“बघायला?”

“उघडायला.”

सईने कपाटाशी खुर्ची सरकवली. मग उज्ज्वला म्हणाली, “नका हो. इतकी वर्षं जपलाय.”

ती! ती म्हणाली हे! मी तिच्याकडे बघितलं. तिने इडलीकडे बघितलं. मंजण्णाने स्वतःच्या पायांकडे.

“उघडायचा नाही तर आणला कशाला?” मी म्हणालो.

सील मीच काढायचं ठरवलं. नख लावलं, घसरलं, पुन्हा लावलं. सईने हात पुढे केला तो मी बाजूला सारला. कागद फाटला तेव्हा जो आवाज झाला, तो ऐकून एका जमवणाऱ्याचं काय होतं, ते दुसऱ्या जमवणाऱ्यालाच कळेल. मंजण्णाने डोळे मिटले. पिशवी फोडली. दोन पांढरेशुभ्र ठोकळे निवडले. कडा अशा, की बोटाला टोचाव्यात. आणि त्या टोचल्या. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

एकावर एक ठेवले. अंगठा वर, दोन बोटं खाली. दाबलं.

काही नाही.

अंगठा थरथरू लागला. चौघांपैकी कुणीही श्वास घेत नव्हतं. मी श्वास घेतला, खोल, इस्पितळात घ्यायचो तसा, आणि मनात मोजायला लागलो. या वेळी एकही आकडा गाळला नाही. एक, दोन, तीन, चार, अंगठ्याचं नख पांढरं पडलं, नऊ, दहा, अकरा.

टक.

टप नव्हे. टक. मी ते उलटे केले. हलवले. जोरात हलवले. मंजण्णाच्या हातात दिले. तो ओढू लागला, सुटेनात. सईने नख घालून बघितलं, सुटेनात. मी परत घेतले आणि बघत बसलो. मला काही दिसत नव्हतं, चष्मा ओला झाला होता.

आणि उज्ज्वला, जिने त्या सकाळपर्यंत या कटाबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, दोन्ही हात गालांवर ठेवून, मंजण्णा ‘वैनी, वैनी’ म्हणत खुणावत असतानाही, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“अगं बाई, नवे बसले! मग मी आणि मंजण्णांनी तुमचा अख्खा किल्ला उगाच बदलला की हो!”